हे गाडीनं जाईल

वैजनाथ गेला त्या सकाळी मी नांदेडला बँकेच्या रांगेत उभा होतो. नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनवाल्यांनी स्वतः हजर राहून जिवंत असल्याचा दाखला द्यायचा महिना. माझ्यापुढे चौघे होते. फोन वाजला. चाकूरहून वैजनाथची मुलगी संगीता बोलत होती. "काका, आप्पा गेले. चहा घेतला, चपला घालायला वाकले, आन् तसेच खाली बसले..." मी रांग सोडली नाही. का सोडली नाही ते आजही सांगता येत नाही. चौघांचं झालं, मी यंत्रावर अंगठा ठेवला, पलीकडच्या बाई हसून म्हणाल्या, "झालं काका, आहात तुम्ही." मग बाहेर येऊन लातूरची एस.टी. धरली आणि लोहा, अहमदपूर करत दुपारी चाकूरला उतरलो.

अंगणात वैजनाथला बसवलं होतं. ते लिंगायत, त्यांच्यात तसंच बसवून नेतात. कपाळभर विभूती, गळ्यात हार, मान जराशी डावीकडे कललेली. वाट बघणं चाललं होतं. सोयऱ्याधायऱ्यांची नव्हे, ते कधीच आले होते. वाट एका पुढाऱ्याची होती. 'साहेब निघालेत', 'साहेब एका लग्नात थांबलेत', 'आता फाट्यावर आलेत' असं करत तीन तास मयत उन्हात बसून राहिलं. महानंदावहिनी, म्हणजे वैजनाथची बायको, पदराने त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होत्या. चौकात तोवर फलक लागलासुद्धा होता. त्यावर वैजनाथचा चेहरा कुण्या दुसऱ्याच माणसाच्या गणवेशावर चिकटवलेला, खांद्यावर त्याला कधीच न मिळालेले तारे, आणि मागे आकाशात एक हेलिकॉप्टर. खाली पुढाऱ्याचा फोटो वैजनाथच्या दुप्पट. साहेब आले, पुष्पचक्र वाहिलं, फोटोत डोळे मिटले म्हणून पुन्हा वाहिलं, आणि माइक घेऊन बोलले, "हेलिकॉप्टरमधून शत्रूवर तुटून पडणारा आपल्या तालुक्याचा हा ढाण्या वाघ..." लोकांनी घोषणा दिल्या. मी मागे उभा होतो. वैजनाथ उभ्या आयुष्यात हेलिकॉप्टरमध्ये बसला नव्हता. त्याच्याबद्दल हे खोटं भर उन्हात, त्याच्याच समोर, त्याच्याच अंगणात बोललं जात होतं आणि मला शिसारी येत होती. पण मी बोललो काही नाही. गप्प बसायची माझी सवय जुनी आहे. तिची हकीकत सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

वैजनाथ बिराजदार फौजेत ड्रायव्हर होता. चाकूरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं, सात पिढ्यांत कुणी बंदूक धरली नव्हती. लातूरला भरती होती तिथे आमची गाठ पडली. मी जळकोटचा. धावण्यात पहिल्या दहांत आलो, पण वजन कमी भरत होतं आणि तासाभराने पुन्हा बोलावलं होतं. मी कोपऱ्यात तोंड पाडून बसलो होतो. ओळख ना पाळख, हा माणूस कुठूनशी केळी घेऊन आला. "खा. मोजू नको, खा नुसता." सात की आठ केळी त्याने माझ्या तोंडात कोंबली, वरून पाण्याचा तांब्या पाजला. काट्यावर चढलो तेव्हा पोट फुटेल असं वाटत होतं, पण वजन भरलं. म्हणजे माझी नोकरी, माझं पेन्शन, नांदेडमधलं माझं घर, सगळं त्या केळ्यांवर उभं आहे.

पुढे त्याला गाडी मिळाली आणि मला हवाई रसद. हे काम लोकांना माहीत नसतं. विमानातून, हेलिकॉप्टरमधून पुढच्या चौक्यांना जे सामान जातं ते बांधायचं, त्याला पॅराशूटची छत्री लावायची, वजन बरोबर करून चढवायचं, हे आमचं काम. पिठाचं पोतं दुहेरी गोणीत, रॉकेलच्या डब्यांखाली पेंढ्याची गादी, औषधं मधोमध. आम्ही दोघे अनेक वर्षांनी एकाच डोंगरात आलो. सरहद्दीवर लढाई सुरू झालेली, मी खालच्या तळावर, आणि वैजनाथ तिथूनच वर माल नेणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यात. कामावरून आमचा वाद रोजचा.

"तुमचा माल देवाच्या भरवशावर," तो म्हणायचा. "वारं आलं की पीठ दरीत. माझा माल माणसाच्या हातात जातो."

"आणि तुझ्या रस्त्यावर गोळा पडला की?"

"मग माणूस जाईल. पर पीठ पोचंल," असं म्हणून तो स्वतःच मोठ्याने हसायचा.

वादात दोघांचंही खरं होतं. तेवढ्या उंचीवर हवा विरळ, हेलिकॉप्टरला ओझं उचलवत नाही, ढग आले की दिवसचे दिवस उड्डाण नाही. जड माल रस्त्यानेच न्यावा लागतो. पण त्या रस्त्याचं एक वळण समोरच्या शिखरावरून उघडं दिसायचं, आणि शिखरावर शत्रू होता. म्हणून रीत ठरलेली होती. गाड्या वळणावर पोचायच्या त्या दिवस मावळल्यावर, दिवे न लावता. आणि जे तातडीचं असेल, म्हणजे औषधं, बिनतारी संचाच्या बॅटऱ्या, ते हेलिकॉप्टरने. तेच हेलिकॉप्टर परत येताना जखमींना घेऊन यायचं. कुणा मोठ्या डोक्याने काढलेली ही वाटणी नव्हती. माणसं मरून मरून ती ठरलेली होती.

वैजनाथच्या मागची गाडी दर्शन चालवायचा. पंजाबचा, आमच्याहून पाचेक वर्षांनी लहान. वैजनाथ नांदेडकडचा आहे हे कळलं त्या दिवशी त्याने याचे पायच धरले. त्याच्यासाठी नांदेड म्हणजे गुरूंची शेवटची भूमी, आणि नांदेडपासून दोन तासांवर राहणारा हा माणूस गुरुद्वाऱ्यात एकदाही गेला नव्हता! "पाजी, तुम आदमी हो या पत्थर?" असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. मग ठरलं की लढाई संपल्यावर दोघांनी सुट्टी काढून नांदेडला जायचं आणि आठ दिवस लंगरमध्ये भांडी घासायची. वैजनाथ त्याला 'आता', 'हाव', 'लई भारी' असलं मराठी शिकवायचा. 'हाव' म्हणजे आमच्याकडचं 'हो'. दर्शन कुठल्याही प्रश्नाला 'हाव' म्हणायला लागला होता.

आणि मग तो दिवस आला. कुणी फार मोठा माणूस पुढच्या चौकीवर जवानांना भेटायला येणार होता. सकाळी मी हेलिपॅडवर औषधांच्या पेट्या आणि बॅटऱ्या बांधून तयार ठेवल्या होत्या. आमचे साहेब आले आणि म्हणाले, हे सगळं उतरव, दुसरं चढवायचं आहे. दुसरं म्हणजे काय, ते मी आज इथे नीट लिहितो, कारण जिथे लिहायला हवं होतं तिथे लिहिलं नाही. एक गालिचा. दोन गुबगुबीत खुर्च्या. काचेच्या बशा. फुलांच्या टोपल्या. केकचं खोकं. आणि एक कमोड. पांढरा शुभ्र, झाकणासकट. चौकीवरची माणसं महिनोन्महिने बर्फात खड्डा करून बसत होती आणि त्या एका माणसाला तासभरासाठी ते चालणार नव्हतं. मी माझ्या हाताने त्या कमोडला पेंढा लावला, तडकू नये म्हणून. जाळीत बसवला, गाठी मारल्या. औषधांच्या पेट्या जमिनीवर पडल्या होत्या. मी विचारलं, "साहेब, यांचं काय?"

"हे गाडीनं जाईल."

"गाड्या संध्याकाळी निघतात साहेब."

"आज आत्ता निघतील. पाहुणे पोचायच्या आत वरचं कोठार भरलेलं दिसलं पाहिजे."

भर दुपारी, लख्ख उन्हात, पाच गाड्या त्या वळणाकडे पाठवल्या. वैजनाथ माझ्यासमोरून गेला. त्याने गाडीतून हात वर करून विचारलं, हे काय चाललंय? मी खांदे उडवले. त्याच्या मागच्या गाडीत दर्शन होता. औषधं त्याच्याच गाडीत चढवली होती.

बिनतारी संच माझ्यापासून दहा पावलांवर होता. त्यावर जे आलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. वळणावर गोळा पडला. दुसऱ्या गाडीला लागलं. पहिली गाडी पुढे गेली होती, ती थांबली. पहिल्या गाडीचा ड्रायव्हर उतरून मागे पळाला आहे, जळत्या गाडीतून जखमीला काढतो आहे, जखमी जिवंत आहे, हेलिकॉप्टर पाठवा. हे तीन वेळा आलं. हेलिकॉप्टर पाठवा. वळणाच्या पुढेच उतरायला सपाट जागा होती, नेहमीची. तिन्ही वेळा खालून उत्तर गेलं, हेलिकॉप्टर पाहुण्यांच्या तयारीत आहे, रिकामं झालं की कळवतो. दर्शनला गाडीत घालून रस्त्याने खाली आणायला निघाले. खाली पोचेपर्यंत तो राहिला नाही. वैजनाथचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते आणि तरी त्याने दर्शनचं डोकं मांडीवरून उतरू दिलं नव्हतं. पाहुणे आलेच नाहीत. दुपारनंतर ढग उतरले आणि ते खालूनच परत गेले. केक तसाच परत आला, तो खालच्या साहेबांनी खाल्ला. मला पण एक तुकडा आला होता... मी तो खाल्ला की टाकला, हे आठवत नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खाल्ला होता.

मग चौकशी लागली. भर दुपारी गाड्या कुणी पाठवल्या, हा प्रश्नच तीत नव्हता. प्रश्न होता की ताफ्यात कुठल्याही परिस्थितीत गाडी थांबवायची नाही असा हुकूम असताना पहिली गाडी का थांबली? आणि मग कागदावर हळूहळू असं झालं की वैजनाथची गाडी आधी थांबली, रस्ता अडला, म्हणून मागच्या गाडीला थांबावं लागलं आणि मग तिच्यावर गोळा पडला. नुसता क्रम बदलला. वैजनाथ ओरडून सांगत होता की बिनतारी संचावरच्या माणसाला विचारा, हेलिपॅडवरच्या माणसाला विचारा. संचावरच्याची तोवर बदली झाली होती. मला बोलावलं. मी टेबलासमोर सावधान उभा राहिलो.

"त्या दिवशी हेलिकॉप्टरमध्ये काय होतं?"

"रसद होती साहेब."

"संचावर काही ऐकलं?"

"नाही साहेब."

त्यांनी नवी टाइप केलेली सामानाची यादी पुढे केली. त्यात पीठ होतं, डाळ होती, कमोड नव्हता. मी सही केली. मला बढती जवळ आलेली होती, घरी बायको बाळंतपणाला आलेली होती, वगैरे. कारणं सगळ्यांकडे असतात. माझ्याकडेही होती.

वैजनाथच्या नावापुढे लाल शेरा बसला. बढती कायमची अडली, मुदत संपताच तो घरी आला. चाकूरला त्याने रुग्णवाहिका चालवायला घेतली. भाजलेल्या हातांची कातडी चकचकीत आणि आखडलेली, पण पकड तशीच. बाळंतिणी, साप चावलेले, अपघातवाले, सगळ्यांना तो लातूरला नाहीतर नांदेडला पोचवायचा. रस्त्यात कुणीही हात केला की थांबायचा. कुणी म्हणालं की आप्पा, नियमात बसत नाही, तर म्हणायचा, "थांबल्याची शिक्षा एकदा भोगून झाली माझी. आता फुकट थांबतो." आणि वर्षातून आठ दिवस तो नांदेडला यायचा. गुरुद्वाऱ्यात लंगरला भांडी घासायची, जेवायला मात्र माझ्या घरी, जसा मी चाकूरला गेलो की त्याच्या घरी. दर्शनचा वाटा पण मीच घासतो म्हणायचा. माझी बायको त्याला भाकरी वाढायची, तो माझ्या मुलांच्या परीक्षांची चौकशी करायचा, आणि मी त्याच्या हातांकडे न बघता जेवायचो. वर्षानुवर्षं.

चार वर्षांपूर्वी मला ते सहन होईनासं झालं. तो असाच जेवून हात धूत होता. मी म्हणालो, "वैजनाथ, चौकशीत मी खोटं बोललो होतो."

त्याने हात पुसले. रुमालाची घडी केली. "ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"तवापासून. तुझा जबाब मला वाचाया दिला होता त्यांनी. खाली सही होती तुझी. लई सुंदर सही करतोस तू."

हा माणूस सगळं माहीत असून इतकी वर्षं माझ्या ताटात जेवत होता! मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघून राहिलो होतो. अन् मी बोललो असतो तर तू दार बंद करून घेतलं असतंस. मग नांदेडात मी जेवलो असतो कुठं?" तो हसला, पण ते जुनं हसणं नव्हतं. मग म्हणाला, "फौजेचं जाऊ दे. मला शेरा पुसून नको. पर एक काम कर. दर्शनच्या घरी कळव. मी गेलतो तिकडं, नोकरी सुटल्यावर. पार पंजाबात. त्याच्या आईनं माझं नाव ऐकलं अन् दार लावलं. त्यांच्याकडं कागद गेलाय ना, पुढच्या ड्रायव्हरच्या चुकीनं तुमचा माणूस गेला म्हणून. माझं त्यांना खरं वाटणार न्हाई. तुझं वाटंल. सही तुझी हाय."

"कळवतो," मी म्हणालो. आणि कळवलं नाही. आज लिहू, उद्या लिहू... नातवाचं बारसं, गुडघ्याचं ऑपरेशन. पुढची तीन वर्षं तो आला, जेवला, भांडी घासून गेला. एकदाही विचारलं नाही त्याने. त्या पुढाऱ्याने गणवेश चिकटवला याची मला शिसारी आली खरी, पण त्याने निदान तो माणूस मेल्यावर खोटं केलं. मी जिवंतपणी केलं होतं, आणि त्याच्यासोबत जेवत केलं होतं.

महिन्याने मी पुन्हा चाकूरला गेलो. वैजनाथची पुढची खोली तशीच होती, रस्त्याकडच्या खिडकीखाली खाट, भिंतीला पंचांग. महानंदावहिनी आणि संगीता दोघींना समोर बसवून मी सगळं सांगितलं, आज तुम्हाला सांगितलं तसं. कमोडसकट, केकसकट. वहिनी मधे दोनदाच बोलल्या. "मला म्हणायचे, इंजिन उघडताना वाफेनं भाजलं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "भावजी, तुम्ही किती बाऱ्या जेवलात या घरात?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दर्शनच्या घरचा नंबर कुणाकडे असेल, असं मी विचारलं. संगीताने आप्पांचा मोबाइल आणला. त्यात 'दर्शन घर' असं नाव होतं. मी त्याच मोबाइलवरून लावला, दोघींना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू करून. घंटा वाजत राहिली. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. मी म्हणालो की मी गोविंद, वैजनाथचा मित्र, नांदेडहून, त्याच्या चाकूरच्या घरून बोलतो आहे.

"मैं दर्शन का बड़ा भाई," आवाज म्हणाला. "इस नंबर से हर साल फोन आता है. उसी तारीख को, जिस दिन वो गया. माँ थी तब माँ काट देती थी, अब मैं काट देता हूँ. आज वो तारीख नहीं है, इसलिए उठाया. क्या हुआ?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ह्या फोनचं त्यांनाही माहीत नव्हतं. मी सांगायला लागलो. माझं हिंदी फौजेतलं, ते मधे मधे अडखळत होतं. भर दुपारी गाड्या कशासाठी पाठवल्या. हेलिकॉप्टर कुठे होतं. गोळा आधी पडला. पहिली गाडी नंतर थांबली. त्याला बाहेर काढायला थांबली. हात त्यातच भाजले. मी ऐकलं होतं आणि ऐकलं नाही म्हणून सही केली. पलीकडून कुठल्यातरी पंपाचा आवाज येत होता.

"तो वो रुका था?" त्यांनी विचारलं.

"हाँ."

"दर्शन के लिए रुका था?"

"हाँ जी. सिर्फ उसी के लिए."

"और हम..." ते बोलता बोलता थांबले. मग घाईघाईने, जसा काही फार उशीर झाला आहे तसं म्हणाले, "पाजी को फोन दीजिए. वहीं बैठे होंगे ना? ज़रा उनको फोन दीजिए."

वहिनींनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला, कानाला लावला आणि आमच्याकडच्या हिंदीत सावकाश म्हणाल्या, "वो गुजर गए, भाईसाब... महिना हुआ."